नेहमीसारखं पाणी

तिला सगळे मोजणीबाई म्हणायचे. हे नाव ठेवलं तिच्या सख्ख्या मोठ्या भावानं. धक्क्याच्या टोकाला समुद्र संशोधन केंद्राची बैठी इमारत होती आणि पाण्याचं तापमान मोजणं हे तिचं तिथलं काम. "लोक जमीन मोजतात, कापड मोजतात, आमची बहीण समुद्र मोजते. मोजून झाला की सांग गं, किती भरला ते," असं दादा एकदा चारचौघांत म्हणाला आणि नाव चिकटलं ते चिकटलंच. तिलाही त्याचं वावडं नव्हतं. दादानं ठेवलेलं म्हणून उलट थोडं आवडायचंच.

आता कुणी म्हणेल, तापमान मोजायला माणूस कशाला, यंत्रं आहेत की. आहेत ना. पण यंत्र पाण्यात बुडवून ठेवलं की थोड्याच दिवसांत त्याच्यावर शेवाळ चढतं, बारीक शिंपले घर करतात, आणि मग ते समुद्राचं सांगायचं सोडून स्वतःच्या अंगावरच्या शेवाळाचंच सांगत बसतं. म्हणून ते वर ओढायचं, ब्रशनं घासायचं, साध्या थर्मामीटरशी ताडून बघायचं आणि पुन्हा सोडायचं. हे काम ती इतकी वर्षं करत होती की धक्क्यावरच्या लोखंडी शिडीची कुठली पायरी हलते ते तिच्या पायांना ठाऊक होतं. कोपरापर्यंत बाह्या वर, कमरेला फडकं, आणि तोंडाची अखंड बडबड. बडबड यंत्राशी. लग्न का केलं नाहीस असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "अहो, एवढा मोठा समुद्र सांभाळते, त्यात आणखी कुणाला सांभाळू?" खरं कारण आई होती. बाबा गेले, दादा लग्न करून दोन गल्ल्या सोडून वेगळा राहू लागला, आणि आईला एकटं टाकून जायला हिचा पाय निघाला नाही. पण ते लोकांना कशाला सांगायचं?

तिचं आणखी एक काम होतं आणि त्याचा तिला मनापासून अभिमान होता. धक्क्यासमोरच्या खाडीत शिंपल्यांची शेती चालायची. पाण्यावर रांगेनं तरंगणारी पिंपं, पिंपांना बांधलेले जाड दोर आणि त्या दोरांवर लगडलेले शिंपल्यांचे घोस. दादाचा सगळा संसार याच घोसांवर चाललेला. पाणी फार तापलं की शिंपला दुबळा होतो, दोरावरची पकड सोडतो आणि मरतो. त्यावर उपाय एकच, दोर खालच्या थंड पाण्यात सोडायचे. हे काम म्हणजे जिवाची दमछाक. वजनं बांधायची, पिंपं सोडवायची, सगळी माणसं त्यात अडकायची, आणि खोल पाण्यात शिंपला नीट पोसतही नाही. तेव्हा मनात आलं म्हणून कुणी ते करायला जात नसे. केंद्राचा इशारा आला तरच करायचं, अशी पद्धत पडून गेली होती.

पूर्वी हा इशारा केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ स्वतः लिहायचे. सरळ माणूस, हुशार माणूस, पण जन्म सरासऱ्या काढण्यात गेलेला. पाठीमागे सगळे त्यांना सरासरीसर म्हणत आणि हे त्यांनाही माहीत होतं. त्यांचा इशारा असा असायचा: 'सागरपृष्ठाच्या तापमानात धन विचलन संभवते.' दादानं तो शिंपलेवाल्यांच्या शेडमध्ये सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला आणि विचारलं, "हे धन कुणाला मिळणार म्हणे? आपल्याला की केंद्राला?" ही गोष्ट सरांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी हात टेकले. "बाई, तुम्हीच लिहा आता. तुमच्या माणसांना कळेल असं लिहा," म्हणाले.

तिनं मग फार विचार केला. आकडे दिले तर शेतीवाले आपापसांत वाद घालत बसत, म्हणून आकडे काढून टाकले आणि तीनच गोष्टी ठेवल्या. पाणी थंड. पाणी नेहमीसारखं. पाणी गरम, दोर खाली सोडा. यातला मधला शब्द तिला आईकडून मिळाला होता. आईला कुणी कशी आहेस म्हणून विचारलं की ती म्हणायची, "नेहमीसारखी." सगळं बरं आहे, उगाच काळजी करू नका, आपापल्या कामाला लागा, एवढं सगळं आई त्या एका शब्दात सांगायची. इशाऱ्यातही तो शब्द तसाच लागू पडला. सकाळी शेतीवाल्यांच्या ग्रुपवर मेसेज यायचा, लोक 'नेहमीसारखं' वाचायचे, फोन खिशात टाकायचे आणि होडीवर चढायचे. आपल्या एका शब्दावर अख्खी खाडी कामाला लागते या विचारानं मोजणीबाई दिवसभर खुशीत असायची.

पण नेहमी म्हणजे कधी? हे केंद्रात ठरलेलं होतं. जुन्या एका तीस वर्षांच्या काळाची सरासरी काढून ठेवलेली होती. आईच्या लहानपणापासून दादा आणि ती शाळेत जायला लागेपर्यंतचा तो काळ. आजचं पाणी त्या पाण्याशी ताडायचं आणि फरक ठरलेल्या हद्दीपलीकडे गेला की 'गरम' लिहायचं. घोळ असा झाला की फरक वाढतच गेला. उन्हाळ्यात गरम, हिवाळ्यात गरम, ढग आले तरी गरम. रोज उठून मोजणीबाईचा मेसेज तोच. पहिल्या वर्षी सगळ्यांनी निमूट दोर खाली सोडले आणि खोल पाण्यात शिंपले खुरटले. दुसऱ्या वर्षी निम्म्यांनी सोडले. नंतर कुणी सोडेना.

केंद्रात बैठक भरली तेव्हा सगळ्यांच्या वतीनं दादाच उठून उभा राहिला. "सर, बहीण समोर बसलीय म्हणून जपून बोलतो. पण हा इशारा आहे की बिघडलेला गजर? रोज वाजतो. रोज वाजणाऱ्या गजरानं कोण उठतं, सांगा. आम्ही तर कूस बदलून झोपतो." हशा पिकला. मोजणीबाई कानापर्यंत लाल झाली. घरी गेल्यावर बघते तुला, असं तिनं डोळ्यांनीच त्याला सांगितलं.

सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "हा प्रश्न फक्त तुमचा नाही. समुद्राचा अभ्यास करणारे आम्ही सगळे सध्या यावरच भांडतोय." आणि त्यांनी समजावून सांगितलं. काही शास्त्रज्ञांचं म्हणणं, तुलना कायम जुन्या समुद्राशीच करावी, म्हणजे तो किती बदलला ते विसरायला होणार नाही. दुसरे म्हणतात, समुद्र आता बदललाच आहे, तेव्हा अलीकडच्या तीस वर्षांशी तुलना करा, म्हणजे अचानक उसळणारी उष्णता वेगळी उठून दिसेल. मुलाच्या जुन्या मापानं रोज सदरा शिवला तर तो रोज तोकडाच होणार, असं सर म्हणाले. सगळ्यांना पटलं. दादाला पटलं, मोजणीबाईला पटलं, आणि खरं सांगायचं तर त्यात न पटण्यासारखं काहीच नव्हतं. नवी सरासरी वापरायची असं एकमतानं ठरलं.

जुनी काढून नवी सरासरी कॉम्प्युटरमध्ये घातली ती मोजणीबाईनंच. टेबलावरचा चहा निवायच्या आत काम झालं. दुसऱ्या दिवशी पाणी होतं तेवढंच होतं, पण फरक आला जेमतेम. तिनं लिहिलं, 'पाणी नेहमीसारखं.' ग्रुपवर अंगठ्यांचा आणि हात जोडल्याच्या चित्रांचा पाऊस पडला. दादानं लिहिलं, 'सुटलो बाई एकदाचे.' तिचाही जीव भांड्यात पडला. भाऊ आता चारचौघांत आपल्याला हसणार नाही, एवढंच त्या दिवशी तिच्या मनात होतं.

आणि मग तो उन्हाळा आला.

वारा पडला तो पडलाच. खाडीचं पाणी हलेना. मोजणीबाई शिडीवरून खाली उतरली, यंत्र घासायला पाण्यात हात घातला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली. पाणी कोमट लागत होतं. अंघोळीला काढून ठेवून विसरलेल्या पाण्यासारखं. तिनं थर्मामीटर पुन्हा लावला. यंत्र बरोबर होतं. ती वर गेली आणि सरांना म्हणाली, "सर, पाणी बरंच तापलंय हो."

सरांनी लगेच आलेख उघडला. टाळाटाळ करणाऱ्यांतले ते नव्हतेच. "तापलंय खरं. पण हे बघा, गेल्या काही उन्हाळ्यांत असंच तापत होतं, ते सगळं नव्या सरासरीत धरलंय. फरक हद्दीच्या आत आहे. उद्या ओलांडली तर लगेच इशारा देऊ."

"म्हणजे आज काय लिहू?"

"हद्दीच्या आत असलं की आपण काय लिहितो?"

तिनं लिहिलं, 'पाणी नेहमीसारखं.' दुसऱ्या दिवशी हद्द ओलांडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. हद्दीला टेकून पाणी आठवडेच्या आठवडे तसंच बसून राहिलं आणि रोज सकाळी तिचा तोच मेसेज गेला.

त्यातल्याच एका संध्याकाळी दादा आईला भेटायला आला. आई आतल्या खोलीतून बाहेर यायला निघाली, वाटेत भिंतीला हात लावत, सावकाश. दादा मोरीपाशी हात धूत होता, आणि धुऊन झाले तरी नळाखालून हात काढेना.

"काय गं, पाणी कसं आहे सध्या?" त्यानं विचारलं.

"मेसेज वाचत नाहीस वाटतं? नेहमीसारखं."

"वाचतो की." त्यानं नळ बंद केला. "नाही, म्हटलं विचारावं."

"केंद्रावर विश्वास नाही का रे तुझा?"

"केंद्र गेलं उडत. तुझ्यावर आहे," दादा म्हणाला आणि आईच्या पायाशी जाऊन बसला.

त्यानंतर काही दिवसांनी खाडीला वास सुटला. आधी कुणाला कळेना कसला. मग दादानं पहिला दोर ओढला आणि तो हलका आला. ज्याला वर घ्यायला दोन माणसांची कंबर मोडायची, तो दादाच्या एकट्याच्या हातानं वर आला. घोस गळून गेले होते. जे उरले होते त्यांची तोंडं उघडी होती, आत काही नाही. दुसरा दोर तसाच, तिसराही तसाच. शेजारच्या रांगेतून कुणी शिवी हासडली, कुणी नुसतंच मटकन खाली बसलं. दादा एक एक दोर ओढत राहिला. सगळे बघितल्याशिवाय त्याला थांबता येईना.

मोजणीबाई शेडमध्ये पोचली तेव्हा तो स्टुलावर बसून मेलेले शिंपले टोपलीत टाकत होता. त्यांचं आता काही करायचं नव्हतं, तरी टाकत होता. वहिनी दारात तोंडाला पदर लावून उभी होती. ती मोजणीबाईशी एक शब्द बोलली नाही. मोजणीबाई दादासमोर खाली बसली आणि तीही शिंपले उचलून टोपलीत टाकायला लागली.  

टोपली भरत आली तेव्हा दादा म्हणाला, "माझ्या हाताला गरम लागत होतं."

तिनं वर बघितलं.

"रोज लागत होतं. म्हटलं, आपलं वय झालं, हातच बिघडला असेल. आपल्या हाताचं काय खरं? बहीण रोज मोजते, ती म्हणते नेहमीसारखं, म्हणजे नेहमीसारखंच असणार."

"दादा, माझ्या हातालाही लागलं होतं रे."

हे ती बोलून गेली आणि बोलायला नको होतं हे तिला लगेच समजलं. दादानं हातातला शिंपला टोपलीत टाकला नाही, जमिनीवर ठेवला.

"मग मला तसं सांगायचं होतंस. त्या संध्याकाळी मी विचारलं होतं ना तुला? शेतीवाला म्हणून नव्हतं विचारलं."

 नियम होता, हद्द होती, बैठकीत तूच तर उठला होतास, असं सगळं तिच्या तोंडाशी आलं. सगळं खरंही होतं. तिनं ते गिळलं. या एका गोष्टीबद्दल तरी तिला मानलं पाहिजे, कारण तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर ते बोललंच असतं.

सर आले ते चपला चिखलात बरबटवून. शेडभर फिरले, प्रत्येकापुढे उभे राहिले, आणि दादापुढे आल्यावर म्हणाले, "माझं चुकलं." मग बाहेर मोजणीबाईला म्हणाले, "बाई, जुनी सरासरी चूक नव्हती आणि नवीही चूक नाही. मला हे दिसत होतं की समुद्राचं तापमान हळूहळू वर सरकतंय. शिंपल्याला सरासरी नसते, त्याला फक्त पाणी असतं, हे माझ्या ध्यानात आलं नाही." चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. तिला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, त्याचाच तिला राग आला.

नंतर केंद्रानं बरंच काही बदललं. मेसेजमध्ये आता तापमानाचा आकडा असतो, जुन्या समुद्राशी तुलना असते, नव्याशीही असते, आणि शिंपल्याला किती सोसतं तेही असतं. मेसेज लांबला. एका शब्दावर खाडी हलवण्याचे मोजणीबाईचे दिवस संपले. पण हे वाचायला दादा खाडीवर राहिला नव्हता. त्यानं पिंपं आणि दोर जे घेईल त्याला देऊन टाकले आणि वहिनीला घेऊन दूरच्या एका बंदरावर बर्फाच्या कारखान्यात लागला. जाताना आईच्या पाया पडला, हिच्या डोक्यावर नेहमीची टपली मारली नाही. नाही म्हणजे नाहीच. धक्क्यावर यंत्र घासता घासता ती बडबड करायची, तीही बंद झाली.

तो फोन करायचा, पण सुट्टीच्या दिवशी आणि फक्त आईसाठी. आई झोपली असली की नाइलाजानं हिच्याशी बोलायचा. आई कशी आहे, औषध घेते का, बरं, ठेवतो. इतकंच. एवढ्यासाठीही ती सकाळपासून फोन जवळ घेऊन बसायची, ही गोष्ट त्याला कशी कळणार?

त्या दिवशीही तसाच फोन आला. आई स्वयंपाकघरात जायला उठली होती.

"आई कशी आहे?" दादानं विचारलं.

"नेहमीसारखी," ती म्हणाली. इतकी वर्षं हेच म्हणत आली होती.

 पलीकडे, त्याच्या खोलीला लागूनच असलेल्या कारखान्यातली बर्फ फोडायची यंत्रं ऐकू येत होती. 

"कुठल्या?" दादा म्हणाला.

"कुठल्या म्हणजे?"

"कुठल्या नेहमीसारखी? बाबा होते तेव्हाच्या, मी तिथं होतो तेव्हाच्या, की कालच्या?"

टोचून बोलावं तसा तो बोलला नव्हता. त्याला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं, आणि हेच तिला जास्त लागलं. तिनं मान वळवून आईकडे बघितलं. आई मधल्या बोळातून चालली होती, एक हात भिंतीवर टेकून. एक पाऊल, मग हात पुढे, मग दुसरं पाऊल. भिंतीवर आईच्या हाताच्या उंचीला रंगावर मळकट पट्टा उमटला होता, खोलीच्या दारापासून थेट स्वयंपाकघरापर्यंत. पाण्यातल्या यंत्रावर शेवाळाचा ठिपका राहू न देणारी ही बाई रोज त्या पट्ट्यावरून ये-जा करत होती. तो कधी उमटायला लागला? आई पूर्वी हिचा डबा घेऊन धक्क्यापर्यंत यायची, लोखंडी शिडीच्या तोंडाशी उभी राहून हाका मारायची. ते कधी थांबलं? समुद्राचं कुठल्याही दिवसाचं तापमान मोजणीबाईनं काढून दिलं असतं. आईबद्दल तिला एकही दिवस सांगता येईना.

"ऐकतेयस ना?" दादा म्हणाला.

"ऐकतेय."  "दादा, आई भिंतीला धरून चालते. तू गेलास तेव्हा नुसता हात लावायची, आता अंगाचा भार टाकते. कप दोन्ही हातांनी उचलते. मी आलेली तिला दारातून ओळखू येत नाही, जवळ यावं लागतं. मी रोज बघते रे, म्हणून मला..." 

 दादा म्हणाला, "येतो मी. उद्याच निघतो." आणि पुढे, "असं सांगत जा गं मला."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईनं हाक दिली. "कोण गं, दादा का? त्याला म्हणावं, लेकरा, उगाच काळजी करू नकोस. मी नेहमीसारखी आहे."

मोजणीबाईनं तो निरोप पुढे धाडला नाही.